तळव्याखालचा खिळा

उजवा पाय जरा मागे ओढला आणि जमिनीवर काहीतरी घासलं. आवाज म्हणावा एवढाही तो नव्हता. जबलपुरात सदरच्या रस्त्यावर किंवा गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरात असा आवाज नीलकंठ देवस्थळेला ऐकूसुद्धा आला नसता. पण इथं त्याच्या हातातलं तांब्याचं माप तसंच हवेत राहिलं. इथं घासण्यासारखं काही असूच शकत नव्हतं. या शेडमध्ये तोफेची दारू भरत. गोळ्याच्या टोकाला जो फ्यूज बसतो त्याच्या वाटीत मापानं काळी पूड घालायची, लाकडी दट्ट्यानं हलकेच दाबायची, वाटी पुढं सरकवायची. लांब बाकाला बसून दहाबारा माणसं दिवसभर हेच करत, आणि तिकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्याचं काय व्हायचं ते होई. म्हणून शेडमध्ये लोखंडाला मज्जाव होता. स्टुलं लाकडी, तीही खुंट्या मारून जोडलेली. खिडक्यांच्या कड्या पितळेच्या. अंगातल्या पांढऱ्या कपड्यांना खिसा नाही की गुंडी नाही, नुसत्या नाड्या. पायातले फॅक्टरीचे बूट निव्वळ शिवलेले, मऊ तळाचे. दाराशी एक लाल फळी आडवी बसवलेली होती. तिच्या अलीकडे आपले जोडे काढायचे, फळीवर बसायचं, पाय उचलून पलीकडे न्यायचे आणि आतल्या बुटांत घालायचे. बाहेरची वहाण आतल्या जमिनीला लागता कामा नये. नीलकंठच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हसले होते. "हे तर आपल्या घरच्या सोवळ्याहून कडक होऊन राहिलं की रे," म्हणाले होते. विष्णुपंतांचं सगळं आयुष्य रेल्वेत गेलं, त्यांना लोखंड म्हणजे घरचं माणूस.

नीलकंठनं माप सावकाश ट्रेमध्ये ठेवलं. पाय हलवला नाही. मग बुटातल्या बुटात बोटं किंचित दुमडून पाहिली, आणि चवड्याखाली ते लागलं. टोकदार. दुपारी पाळीवर आल्यापासून तिथं टोचत होतं, पण त्यानं मनावर घेतलं नव्हतं, कारण तिथं जखमच होती. सकाळी सदरच्या मैदानावर सराव झाला होता. रविवारी फॅक्टरीच्या टीमचा पलटणीच्या टीमशी फुटबॉलचा सामना, म्हणून शेडच्या फोरमननं, टीमला शिकवणाऱ्या गिलक्रिस्टसाहेबानं, सगळ्यांच्या बुटांना नवे स्टड ठोकले होते, चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून आरपार खिळे मारतात तसे. नीलकंठच्या उजव्या बुटातला एक खिळा आतून वर आला आणि चवडा फाटला. त्यानं नेहमीप्रमाणे त्यावर धडप्याची पट्टी गुंडाळली, वर पुन्हा बूट चढवला आणि खेळत राहिला. मग पाळीची वेळ झाली म्हणून सायकल मारत फॅक्टरीत आला. कपडे बदलताना पट्टी तेवढी सोडली नाही. रक्त थांबलं होतं, उगाच कशाला उकरा. दरवाज्यावरच्या हवालदारानं केस चाचपले, काखा चाचपल्या, तोंडात कोणी खैनी धरून आत जातो म्हणून तोंड उघडायला लावलं. पायाची पट्टी पाहून तो म्हणाला, "फुटबाल?" नीलकंठ म्हणाला, "फुटबाल." आणि हवालदारानं हसून पुढं जायला सांगितलं, कारण त्यालाही रविवारी टीम जिंकायला हवी होती. स्टडचा खिळा मोडून त्याचा टोकाकडचा तुकडा पट्टीत अडकला होता, आणि तो आता मऊ तळातून खाली आला होता. आपण शेडमध्ये लोखंड आणलं आहे.

पाय जमिनीवर ठेवायचा नाही, एवढं एकच त्या क्षणी सुचलं. त्यानं उजवा पाय सरळ वर उचलला आणि डाव्या पायाच्या वर ठेवला. टोक डाव्या बुटाच्या मऊ कापडातून खाली गेलं, पावलाच्या वरच्या कातड्यात रुतलं. बरं वाटलं. दुखलं, आणि दुखण्याचंच बरं वाटलं, कारण जोवर तिथं दुखतंय तोवर खिळा जमिनीवर नाही. जमीन काळ्या डांबरी लेपाची, दिवसातून कितीदा तरी ओल्या फडक्यानं पुसलेली. तरी पूड उडतेच, डोळ्यांना न दिसणारी, आणि बाकाखाली कुठं बसली असेल ते कोणी सांगावं? एकदा घासलं ते निभावलं. का निभावलं याला उत्तर नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या शेडचं का निभावलं नाही, यालाही कोणाकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी नीलकंठ घरी होता. जेवणाच्या पाटावर बसला असताना खिडक्यांची तावदानं थरथरली, ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला काळा कागद एका बाजूनं सुटला, आणि बायकोनं, विनतानं, वाढता वाढता पळी तशीच धरून त्याच्याकडे पाहिलं. ढगाचा आवाज म्हणावा तर आभाळ कोरडं. दुसऱ्या दिवशी त्या शेडच्या जागी चुना टाकलेला होता. तेव्हापासून तो पाळीवरून आला की विनता आधी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन पाही, उलटेपालटे करून, बाजारातून आणलेली भाजी पाहावी तसे, आणि मगच चहा ठेवी. ती पाय पाहत नसे, हे त्याला आत्ता सुचलं.

ओरडावं का? ओरडता आलं असतं. शेजारी सुमेर बसला होता, कुंडमकडचा, टीमचा बॅक, मान खाली घालून वाट्या भरत. पुढं आणखी सगळे, प्रत्येकाच्या समोर पूड. "माझ्या पायात खिळा आहे," असं म्हटलं की सगळे उठतील. सगळे धावतील. एखाद्याचा ट्रे उलटेल, एखादं स्टूल आडवं होईल. शेडमध्ये पहिल्याच दिवशी गिलक्रिस्टसाहेबानं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "कुछ भी हो, भागना नहीं. एक भागा तो सब मरा." आणि समजा कोणी धावलं नाही, समजा सगळे शहाण्यासारखे एकेक करून बाहेर गेले, तरी मग पुढं काय? मागं एका मजुराच्या धोतराच्या काठात एक काडी सापडली होती, काडेपेटीतली, एकच. तो शपथा घालत होता की बिडी विझवून काडी चुकून राहिली. त्याला नेलं, लढाईच्या कायद्याखाली. त्याची बायको कित्येक दिवस दरवाज्यासमोरच्या चिंचेखाली बसलेली असे, पोराला पदराखाली घेऊन, आणि पाळी सुटली की सगळे तिच्याकडे न पाहता सायकलवर टांग टाकत. नीलकंठही. काडी चुकून राहते तर खिळाही चुकून राहतो, पण हे ऐकायला कोणाला वेळ आहे?

आणि चहाची घंटा होणार होती. घंटा झाली की उठायचं, रांगेनं लाल फळीपर्यंत चालायचं. चालायचं म्हणजे पाऊल टेकायचं. लंगडी घालावी तर सगळे बघणार, बूट काढावा तर हात खाली न्यायचा, बाकाखाली वाकायचं, आणि शेडमध्ये बूट काढणं म्हणजे आपणहून बेड्या मागणं. घंटेला किती वेळ आहे ते कळायला मार्ग नव्हता, घड्याळ बाहेरच्या भिंतीवर. नीलकंठनं पुन्हा माप उचललं. हात थांबले तर कोणीतरी विचारील. पूड वाटीत पडली, बरोबर मापात पडली. आपले हात भीत नाहीत, पायच तेवढे भितात, हे गिलक्रिस्टसाहेबाचं म्हणणं खरं होतं तर.

साहेब कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. आधी पाय. शेडमध्ये फोरमन म्हणून फेरी मारायला येई तेव्हासुद्धा बाकाखालच्या बुटांवरून नजर फिरवी आणि मग वर पाही, आणि "गुड, गुड" म्हणे. म्हातारा म्हणावा असा नव्हता, पण केस पांढरे, मान आखूड, चालताना खांदे पुढं. कोळशाच्या खाणीवरच्या स्कॉच गावात जन्मला, बाप खाणीत, भाऊ खाणीत. हा तेवढा पायाच्या जोरावर वर आला. मिसरूड फुटायच्या आत एका मोठ्या क्लबानं त्याला पगारावर घेतलं. पगार फुटबॉल खेळायचा, ही गोष्ट विष्णुपंतांना शेवटपर्यंत पटली नाही. "खेळायचा पगार देऊन राहिले लोक? काहून?" ते विचारत. गिलक्रिस्ट राइट हाफ खेळे, आणि नीलकंठही राइट हाफ, म्हणून असेल, किंवा नीलकंठला मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येई म्हणूनही असेल, साहेब त्याच्याशी बोले. बोलण्याची जागा ठरलेली. सामन्याच्या आदल्या दिवशी सदरच्या मैदानालगतच्या पडवीत साहेब मांडी घालून बसे, लोखंडी पायावर बूट उपडा घालून स्टड ठोकत. खिळे ओठांत धरलेले, मोचीसारखे. एकेक खिळा ओठांतून काढायचा, ठोकायचा, आणि मधल्या वेळात उरलेल्या खिळ्यांच्या फटीतून बोलायचं. त्याचं इंग्रजी एरवीच जड, त्यातून असं. नीलकंठला निम्मं कळे आणि उरलेलं तो रात्री अंथरुणात जुळवत बसे. शेवटी प्रत्येक बुटाच्या तळावरून साहेब अंगठा फिरवी. तिकडं स्कॉटलंडात सामन्याआधी रेफरी फिरवतो तसा, कुठं टोक वर आलंय का पाहायला. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा. बूट खाली ठेवी आणि पुन्हा उचली. टीममधली पोरं याची नक्कल करून हसत. नीलकंठनंही एकदा घरी करून दाखवली होती, विनता पोट धरून हसली होती.

टीममध्ये आला तेव्हा नीलकंठ अनवाणी खेळत असे. जबलपुरात तेव्हा सगळेच. एप्रिलच्या उन्हात मैदान तापलं की चेंडू दुसरीकडे असताना तो एक पाय दुसऱ्या पायावर घेऊन उभा राही, लहानपणची सवय. पण साहेबाच्या लक्षात आलं की हा गडी सावलीतही तसा उभा राहतो. समोरून धिप्पाड गोरा सोल्जर चेंडू घेऊन आला की याचा उजवा पाय डाव्यावर चढतो. "ए! पाँव पे पाँव मत!" साहेब रेषेबाहेरून ओरडे. "डर को जमीन पे रखो!" मग त्याला बूट घातले. पहिला महिना नरक. खिळे वर येत, फोड येत, फुटत. साहेब म्हणे, पट्टी बांध आणि खेळ, व्यावसायिक खेळाडू खिळ्यासाठी थांबत नाही. तळव्याला घट्टे पडले, जाड, पिवळे. विनता एकदा तेल चोळताना म्हणाली, "अहो, तुमचे पाय काही लागूनच नाही राहिले हाताला, दगड होऊन राहिले." त्याला अभिमान वाटला होता. आता त्या दगडानंच घात केला. नाहीतर मऊ पायाच्या माणसाला दरवाज्यावरच टोचलं असतं, त्यानं पट्टी सोडून झटकली असती, आणि या वेळी तो निवांत वाट्या भरत बसला असता.

"काए भैया, इत्तो पसीना काए आ रओ?" सुमेर हळूच म्हणाला.

"कुछ नहीं. उमस है."

"उमस तो नइयाँ," म्हणत सुमेरनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. त्याला गावी दोन बहिणी होत्या, लग्नाच्या. कुंडमच्या जंगलातून तो डिंक आणि मोहाची फुलं आणून टीमला वाटत असे. नीलकंठला वाटलं, याला तरी सांगावं. आणि लगेच वाटलं, सांगितलं तर या क्षणापासून हाही मेला, निदान भीतीनं. एकट्यानं भिणं परवडलं. मांडी थरथरायला लागली होती. उजवा पाय डाव्यावरून घसरू पाहत होता. बुटात ओलं झालं होतं, घाम की रक्त कळत नव्हतं. त्यानं चवडा दाबला, खिळा आणखी आत गेला, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

साहेबाची गोष्ट त्यानं पडवीत तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती आणि शेवटचा तुकडा अगदी अलीकडे. एवढा मोठा खेळाडू, मग खेळ सोडून शिकवायला का लागला? सगळ्यांना माहीत होतं, गुडघा गेला म्हणून. फॅक्टरीतल्या गोऱ्यांनाही तेच माहीत. पण त्या दिवशी साहेबानं विजारीचा पाय वर केला आणि मांडीवरचा वण दाखवला, गुडघ्याच्या बराच वर, लांब, पांढरा. समोरच्या खेळाडूच्या बुटाचा खिळा. रेफरीनं अंगठा फिरवला होता, पण घाईत. जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, डॉक्टरांनी पाय कापायची भाषा काढली आणि आईनं रडून कापू दिला नाही. वाचला. परत मैदानात उतरला तेव्हा पाय ठणठणीत होता. "गुडघ्याला काही झालं नव्हतं," साहेब खिळ्यांच्या फटीतून म्हणाला. "मी भीत होतो." समोरचा अंगावर आला की पाऊल आपोआप मागे. लोकांना कळायच्या आत त्याला कळलं, आणि मग लोकांनाही कळलं. स्कॉटलंडमधली माणसं तिकीट काढून येतात आणि सगळं ओरडून सांगतात. तीन मोसम तो खेळण्याचं सोंग करत राहिला, प्रत्येक सामन्याआधी मोरीत ओकून. मग खालच्या क्लबात, त्याहून खालच्या, मग समुद्राकाठच्या एका गावात पोरांना शिकवायला, मग युरोपात कुठं तरी, बोहेमिया की हंगेरी. तिथं त्याचं नाव झालं. टॅकल कसा करावा हे गिलक्रिस्टसारखं कोणी शिकवत नाही, असं म्हणत. पुढं तिथलं वारं फिरलं, तो परत आला, बोटीच्या कारखान्यात फिटर झाला, आणि लढाईनं त्याला जबलपुरास आणून टाकलं. "जे मला जमलं नाही ते मी आयुष्यभर शिकवलं," तो म्हणाला, आणि ओठांतला शेवटचा खिळा काढून ठोकला. इतका मोठा माणूस आपल्यापुढं असं बोलतो याची लाज वाटून नीलकंठ मैदानाकडे पाहत राहिला होता.

दार उघडलं. घंटेच्या आधी साहेब आला होता. लाल फळीवर बसला, पाय उचलून पलीकडे नेले, आतले बूट घातले, उठला. बाकाच्या त्या टोकापासून फेरी सुरू झाली. नजर खाली. बूट, बूट, बूट. "गुड." मग साहेबाची पावलं थांबली. त्यानं पायावर पाय पाहिला होता. कपाळाला आठी पडली, मैदानावर पडायची तीच. ओरडायला तोंडही उघडलं. तेवढ्यात त्याला डाव्या बुटावरचा लाल डाग दिसला.

"नेल, सर," नीलकंठ ओठ न हलवता म्हणाला.

साहेबाचा चेहरा असा पांढरा पडला की नीलकंठला आपली भीती क्षणभर विसरायला झाली. त्यानंही नजर खाली घेतली आणि साहेबाचे पाय पाहिले, साहेबानंच शिकवल्याप्रमाणे. टाचा जागच्या जागी होत्या आणि चवडे हळूहळू दाराकडे वळत होते. साहेब वळला. चालायला लागला. धावला नाही, पण फळीकडेच गेला, आणि फळीवर हात ठेवून पाठमोरा उभा राहिला. हा आता जाणार. हा बाहेर जाईल, दार लावून घेईल, भोंगा होईल, आणि आम्ही आत. नीलकंठला विनता दिसली, पळी धरून उभी. त्याला साहेबाचा राग आला नाही. जा बाबा, असंच त्याला वाटलं. मला जाता आलं असतं तर मी केव्हाच गेलो असतो. साहेबाची पाठ वरखाली होत होती. ओकारी दाबणाऱ्या माणसाची होते तशी.

मग तो परत आला. खांदे पुढं काढून, मैदानात उतरावं तसा आला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडला, "देखो, देखो! मेरा हाफबॅक का पाँव में गोला आ गया! बुड्ढा हो गया!" शेड हसली. सुमेर तर मोकळेपणानं हसला, त्या घामाचा अर्थ आता त्याला लागला होता. सगळे हसत असताना साहेब नीलकंठच्या पुढं गुडघ्यांवर बसला, पाठ त्याच्याकडे करून, आणि मागे हात नेऊन त्याच्या मांड्यांखाली घातले. जखमी खेळाडूला मैदानाबाहेर नेतात तसं. "अप," तो कुजबुजला. नीलकंठनं त्याच्या गळ्यात हात टाकले. खिळा डाव्या पावलातून निघाला तेव्हा कळ मस्तकात गेली, पण पाय हवेत होता. साहेब उठला. सावकाश, एकेक पाऊल टाकत निघाला, आणि त्याच्या पाठीतून काहीतरी सारखं थरथरत नीलकंठच्या छातीला लागत होतं. फळी ओलांडताना तो अडखळतो की काय असं वाटलं. ओलांडली.

शेडच्या मागं मातीचा उंच बांध होता, स्फोट झालाच तर शेजारची शेड वाचावी म्हणून घातलेला. त्याच्या गवतावर साहेबानं त्याला बसवलं, बूट काढला, पट्टी सोडली आणि तळपाय मांडीवर घेतला. तुकडा निघाला. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळा. साहेबाची बोटं इतकी कापत होती की तो दोनदा त्याच्या तळहातावरून घरंगळला. आता याचं काय करायचं? इथं टाकता येत नाही. गवतातला खिळा कोणाच्या बुटाला लागून उद्या पुन्हा आत जाईल, आणि हे गिलक्रिस्टला कोणी सांगायला नको होतं. खिसा नाही. साहेबाच्या पांढऱ्या कपड्यांनाही नाही. साहेबानं क्षणभर विचार केला आणि खिळा ओठांत धरला, सवयीप्रमाणे, मग आत गालाशी सरकवला. नीलकंठच्या काखेत हात घालून त्याला दवाखान्यात न्यायच्या निमित्तानं तो दरवाज्याकडे निघाला. हवालदार रोज साहेबाला सलाम ठोकून सोडी. पण आज त्याच्यामागं एक नवा गोरा अधिकारी हाताची घडी घालून उभा होता, आणि हवालदारानं चोरट्या चेहऱ्यानं दोघांनाही हात पसरायला लावले. बगला पाहिल्या. मुठी उघडून पाहिल्या. नीलकंठचं तोंड पाहिलं. मग खाली मान घालून तो म्हणाला, "साब, मुँह भी... आज सबका हुकुम है."

साहेब त्या अधिकाऱ्याकडे पाहत होता. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. मग त्यानं तोंड उघडलं, मोठं, जीभ वर करून. आत काही नव्हतं.

संध्याकाळी नीलकंठ लंगडत घरी आला तेव्हा विनतानं त्याचे हात पाहिले आणि मग, पहिल्यांदाच, पाय पाहिले. तो काही सांगणार नव्हता. पण तोंडातून एवढंच निघालं, "कोणी खिळा गिळला तर काय करतात गं?" तिनं कोणी म्हणून विचारलं नाही. "केळी द्या," म्हणाली, "पोटभर. आणि भातात तूप. माझ्या भावानं पैसा गिळला होता तेव्हा आईनं तेच केलं." मग थोड्या वेळानं, "तुम्ही नाही ना गिळला? बोलून का नाही राहिले?" तो नाही म्हणाला तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिनं कोनाड्यातल्या देवापुढची केळी काढून पिशवीत घातली, आणि तो पुन्हा सायकलवर बसून सदरला गेला.

साहेब आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होता, दिवा न लावता, पोटावर हात ठेवून. पिशवी पाहून तो हसला, मग हसणं तोंडावरच राहिलं. त्यानं एक केळं सोललं आणि खाल्लं. दुसरं नीलकंठला दिलं. ते खाताना दोघंही साहेबाच्या पोटाकडे पाहत होते. तो खिळा आता कुठं असेल? टोक कोणीकडे असेल? उद्या सकाळी हा माणूस असेल ना? दुपारपासूनची सगळी भीती आपल्या पायातून निघून त्या माणसाच्या पोटात जाऊन बसल्यासारखं नीलकंठला वाटलं. त्याला ती परत घ्यावीशी वाटली, पण ते काही होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरकडे चला, असं तो म्हणाला. साहेबानं मान हलवली. डॉक्टर विचारील, कुठला खिळा.

"डर गया था?" साहेबानं विचारलं.

"हाँ साब."

"मैं भी," साहेब म्हणाला. मग इंग्रजीत, सावकाश, नीलकंठला सगळं कळावं म्हणून, "फळीला माझा हात लागला होता. मी जाणार होतो. तू पाहिलंस."

नीलकंठ खोटं बोलू शकला असता. "पाहिलं," तो म्हणाला. "आणि तुम्ही परत आलात." साहेबानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग साहेबानं खाली वाकून त्याचा उजवा पाय उचलला, आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नवी पट्टी सोडली. नीलकंठला अवघडल्यासारखं झालं. वडिलांच्या वयाचा माणूस आणि आपला पाय हातात घेतो, विष्णुपंतांनी पाहिलं असतं तर कानाला हात लावले असते. तो पाय मागे घेणार होता. पण साहेबाचा अंगठा तळव्यावरून फिरायला लागला होता, टाचेपासून चवड्यापर्यंत, दाबत, शोधत. तळव्यात काही नव्हतं. अंगठा टाचेशी परत गेला आणि पुन्हा निघाला. पुन्हा काही नव्हतं. साहेबाचा दुसरा हात पोटावर होता आणि अंगठा फिरत होता, एकदा, आणखी एकदा, आणि नीलकंठला समजलं की हा आता थांबणार नाही. त्यानं पाय तसाच राहू दिला.